कापूस, अंडे आणि इतिहास : शिकागोतली ड्यूईंची शाळा

जानेवारी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठाजवळच्या एका राहत्या घरात 16 मुलांची शाळा भरू लागली. शिकवणारे दोघे. ही शाळा काढणारे जॉन ड्यूई दोनच वर्षांपूर्वी या विद्यापीठात आले होते आणि तत्त्वज्ञानाच्या विभागाबरोबर शिक्षणशास्त्राचा विभागही सांभाळत होते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विभागाला प्रयोगशाळा लागते, मग शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या विभागाला ती नको का, असा त्यांचा साधा सवाल होता. म्हणून पुढे या शाळेला ‘लॅबोरेटरी स्कूल’ म्हणजे प्रयोगशाळा हेच नाव पडले. गावात मात्र ती ‘ड्यूई स्कूल’ होती.

शाळेसाठी बाके शोधतानाची एक हकीकत ड्यूईंनी लिहून ठेवली आहे. शहरातली शालेय सामानाची दुकाने ते फिरले. कलेच्या, आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या दृष्टीने मुलांना सोयीचे असे काही मिळेना. शेवटी एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला हवी ती वस्तू आमच्याकडे नाही, तुमच्या मुलांना बसून काम करायचे आहे आणि आमची सगळी बाके ऐकण्यासाठी केलेली आहेत. शिक्षणावरच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा त्या दुकानदाराला जास्त कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

दोन वर्षांत तीनदा जागा बदलून 1898 मध्ये शाळा एलिस अव्हेन्यूवरच्या एका जुन्या मोठ्या घरात आली. 1902 पर्यंत मुले 140 झाली. शिक्षक 23 आणि शिवाय मदतीला विद्यापीठातले 10 पदव्युत्तर विद्यार्थी. चार वर्षांच्या पोरापासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले इथे होती. पहिली-दुसरी अशा इयत्ता नव्हत्या. वयाने आणि समजेने जवळची आठ-दहा मुले मिळून एक गट होई, आणि गट वर चढत जाई. सुतारकाम, स्वयंपाक, शिवण आणि विणकाम हे प्रत्येक गटाला होते. मुलग्यांनाही आणि मुलींनाही. प्राध्यापकाचा मुलगा कणीक मळतोय आणि त्याच्या शेजारची मुलगी रंधा मारतेय, हे त्या काळी पाहुण्यांना दाखवण्यासारखे दृश्य होते.

या शाळेतले नऊ ते बारा वर्षांचे गट विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत, कारण प्रयोगाची खरी परीक्षा तिथे होती. सहा वर्षांच्या मुलाला हाताने काही करण्यातच मजा वाटते. केलेली वस्तू मोडली तरी त्याला फारसे दुःख नसते. आठ-नऊच्या सुमारास हे बदलते. आपली पेटी नीट बंद झाली पाहिजे, विणलेली पट्टी सरळ आली पाहिजे, असे मुलाला वाटू लागते. टिकाऊ काही घडवायचे तर त्याची रीत शिकावी लागते, हे त्याला पटू लागते. ड्यूईंच्या मते वाचन, लेखन आणि गणित यांचा कसून सराव करून घेण्याचे वय हेच, कारण आता ती हत्यारे आहेत आणि हत्याराची गरज मुलालाच भासते आहे. सहाव्या वर्षी तीच अक्षरे त्याच्यावर लादावी लागतात.

अभ्यासाचा कणा होता माणसाचे धंदे आणि त्यांचा इतिहास. सहा वर्षांची मुले शेत आणि घर यांच्याभोवती फिरत. त्यांनी अंगणात गहूही पेरला. सातव्या वर्षी आदिमानव : विस्तव, दगडी हत्यारे, मातीची भांडी, धातू. आठव्या वर्षी दर्यावर्दी आणि प्रवासी. नऊ वर्षांच्या गटाला स्वतःच्या गावाचा इतिहास असे. तळ्याकाठच्या दलदलीत फोर्ट डिअरबॉर्न हा किल्ला का बांधला, केसाळ कातड्यांचा व्यापार कोणत्या नद्यांनी होई, इथेच एवढे मोठे शहर का वाढले, असे प्रश्न. दहाव्या वर्षी अमेरिकेतल्या इंग्रज वसाहती आणि त्यांचे स्वातंत्र्ययुद्ध. त्या वर्षी मुले वसाहतीच्या काळातले घर कसे असे ते मांडून पाहत. अकराव्या वर्षी मुले उलट प्रवास करत : हे वसाहतकार युरोपातून का निघाले, मागे काय सोडून आले. राजांची नावे आणि सनावळ्या यात मागे पडल्या. त्याबद्दल तक्रारी झाल्या, आणि त्या सगळ्याच चुकीच्या नव्हत्या.

कापसाचा धडा मात्र नीट पाहायला हवा. मुलांच्या हातात शिक्षिकेने कच्ची लोकर, फ्लॅक्सचे, म्हणजे जवसाच्या झाडाचे, धागे आणि झाडावरून तोडलेली कापसाची बोंडे दिली. कापड कसे होते हे सांगितले नाही. कापसाचा कपडा लोकरीच्या मागून का आला, हे त्यांनीच शोधायचे होते. एका गटातली मुले बोंडातून सरकी काढायला बसली. अर्धा तास बोटांनी कापूस सोडवून त्यांच्या हाती एक औंससुद्धा, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमही रुई आली नाही. या गतीने दिवसभर खपले तर माणूस एक पौंड, अर्ध्या किलोहूनही थोडी कमी, रुई काढील, हा हिशेब गटाने मग सहज मान्य केला. आपले पूर्वज लोकर का वापरत याचे एक कारण सापडले. दुसरे कारण धाग्यात होते. मुलांनी दोन्ही तंतू मोजून आणि चोळून पाहिले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, एकमेकांना धरून राहत नाही. लोकरीचा लांब आणि खरबरीत, पीळ देताच गुंततो. वऱ्हाडातल्या घरात वाढलेल्या मुलाला यातले अर्धे ठाऊक असेल, पण शिकागोच्या मुलाने कापूस पाहिला होता तो दुकानातल्या सदऱ्यात.

इथून पुढे हात चालू लागले. लोकर विंचरण्यासाठी फळ्यांना टाचण्या ठोकून मुलांनी स्वतःच एक साधन बनवले. कातण्यासाठी आधी भोक पाडलेला दगड लोंबता ठेवून त्याच्या फिरण्याने धागा ओढला. मग जमिनीवर फिरणारी भिंगरी केली. म्हणजे टकळीचा जन्म त्यांच्या समोर, त्यांच्या हातून झाला. त्यानंतर चरखा आला, माग आला, आणि क्रमाने यंत्रयुग आले. सरकी काढण्याच्या यंत्राची, जिनची, गोष्ट आता त्यांना पाठ करावी लागली नाही. एली व्हिटनीच्या 1793 च्या त्या यंत्राने अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस का पसरला, हे ज्याने अर्धा तास बोंड सोलले त्याला समजावून सांगण्याची गरज उरत नाही. भूगोल (कापूस कुठे पिकतो), पदार्थविज्ञान (पीळ, घर्षण), समाजाचा इतिहास असे सगळे त्या बोंडातून बाहेर आले. वेगळा ‘विज्ञानाचा तास’ लागला नाही.

स्वयंपाकघराचीही तीच रीत. भाज्यांवर प्रयोग चालू असताना, एवढ्या खटाटोपापेक्षा सरळ पाककृतीच्या पुस्तकात पाहून का करू नये, असा प्रश्न निघाला. शिक्षिकेने तो गटापुढेच टाकला. पुस्तकातून करायचे तर प्रत्येक पदार्थात काय आणि का घडते ते कळणार नाही, असे मुलांनीच ठरवले. भाज्यांनंतर मांसाकडे वळताना मधला टप्पा म्हणून अंडे घेतले. भाज्यांत जसे पिष्ट, तसे प्राण्यांपासूनच्या अन्नात अल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागातले मुख्य प्रथिन. मुलांनी पाणी वेगवेगळ्या तापमानाला नेले. हात पोळेल इतके गरम, नुसते फुरफुरणारे आणि खळखळ उकळणारे, असे टप्पे ओळखले आणि प्रत्येक पाण्यात अंड्याच्या पांढऱ्या भागाचे काय होते ते पाहिले. कमी आचेवर तो मऊ आणि हलता राहतो, उकळत्या पाण्यात रबरासारखा घट्ट होतो. त्यानंतर अंडी उकडली ती समजून. उकडलेले अंडे कसे करावे हा प्रश्न घरोघरी आईला पडतो. तो शाळेत इतक्या गांभीर्याने घेतला गेला यात हसण्यासारखेही काही आहे, आणि तरी त्या मुलांना प्रथिनांचे रसायन बहुतेक प्रौढांपेक्षा चांगले कळले.

आठवड्यातून एकदा गट स्वतःचे दुपारचे जेवण शिजवून वाढत असे. टेबल मांडणे, पाहुणा असेल तर त्याला विचारणे, मागचे आवरणे, सगळे मुलांचे. अपूर्णांक इथेच आले. सहा जणांसाठीची कृती नऊ जणांसाठी करायची, पाव कप घ्यायचा आहे आणि घरात आहे फक्त तिसऱ्या भागाचे माप, मग काय? हे गणित चुकले तर उत्तर पाटीवर नव्हे, ताटात दिसे.

दिवसाची रचना ठरलेली होती पण घट्ट नव्हती. सकाळी गट जमला की शिक्षिकेबरोबर बसून आज काय करायचे याची चर्चा होई. काल कुठे थांबलो हे मुले सांगत आणि पुढची पायरी ठरे. मग इतिहास, विज्ञान, हातकाम, भाषा आणि संगीत असे तास, खोल्या बदलत. मोठ्या गटांना फ्रेंच होते, खेळ होते, आणि संग्रहालयाला किंवा गावाबाहेर निसर्ग पाहायला सहली होत्या. आठवड्यातून एकदा सगळी शाळा एकत्र बसे. मुलांनी केलेली गाणी तिथे गायली जात आणि गटाने लिहिलेल्या नोंदी वाचल्या जात. स्वतः केलेल्या कामाची नोंद लिहिण्यातूनच बरेचसे लेखन झाले. निबंधाचा विषय फळ्यावर लिहून देण्याची गरज फारशी पडत नसे.

शिस्तीबद्दल या शाळेची बदनामी झाली ती अशी की, इथे मुलांना हवे ते करू देतात. ते खरे नव्हते. ड्यूईंना गोंगाट चालत असे, कारण कामाच्या जागी गोंगाट होतोच. सुतारखान्यात शांतता पाळा असे कोणी म्हणत नाही. पण मनाला येईल ते करणे त्यांना नको होते. मुलांची आवड ही सुरुवात आहे, शेवट नव्हे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. नऊ वर्षांच्या मुलाला खणायला आवडते म्हणून खड्डे खणून दिवस घालवणे हे शिक्षण नव्हते; त्या खणण्याला पाटाचे पाणी किंवा किल्ल्याचा पाया मिळाला, तर ते शिक्षण होते. तो दुवा शोधून ठेवणे शिक्षिकेचे काम. म्हणून ही शाळा मुलांना मोकळी असली तरी शिक्षकांना फार अवघड होती.

शिक्षकांचा हा भार वर्णनांत अनेकदा गाळला जातो. एकाच शिक्षकाने गटाला सगळे शिकवावे, ही सुरुवातीची योजना लवकर सोडावी लागली. विज्ञान, इतिहास, कापडकाम, स्वयंपाक यांना जाणकार नेमले गेले. कॅथरीन कॅम्प विज्ञान शिकवत, अल्थिया हार्मर कापडकाम. लॉरा रनियन इतिहास शिकवत. ड्यूईंच्या पत्नी अ‍ॅलिस 1901 पासून मुख्याध्यापिका होत्या. आठवड्याला शिक्षकांची बैठक असे आणि प्रत्येक गटात काय झाले याचे लेखी अहवाल तयार होत. एलिस अव्हेन्यूवरच्या त्या घराला 140 मुलांमागे 33 माणसे लागत होती, हे आकडे मनात ठेवावेत. मुले बहुतेक प्राध्यापकांची आणि व्यावसायिकांची होती. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना या शाळेने काय दिले असते, हा प्रश्न ड्यूईंना पडला नव्हता असे नाही. स्थलांतरितांच्या वस्तीत काम करणाऱ्या हल हाउस या संस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता. पण त्या मुलांसाठी अशी शाळा त्यांनी काढली नाही.

1899 मध्ये पालकांपुढे दिलेली तीन व्याख्याने ‘द स्कूल अँड सोसायटी’ या छोट्या पुस्तकात आली, आणि शाळेची कीर्ती शाळेच्या आधी जगभर पोहोचली. शाळा मात्र अल्पायुषी ठरली. विद्यापीठाने ती दुसऱ्या एका शाळेत विलीन केली. त्यात अ‍ॅलिस ड्यूईंचे पद वादात सापडले, आणि 1904 मध्ये जॉन ड्यूई राजीनामा देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रयोग आठ वर्षे चालला.

भारतात या शाळेची आठवण निघते ती बहुधा नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिक्षणाच्या गांधीजींच्या योजनेच्या, संदर्भात. वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि चरखा शाळेत आला. टकळी तिथेही होती आणि इथेही, म्हणून दोन्ही एकच असे समजण्याचा मोह होतो. फरक मोठा आहे. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, हा गांधीजींचा आग्रह होता. ड्यूईंच्या शाळेत मुलांच्या सुताला बाजारात किंमत येऊ नये, याचीच काळजी होती, कारण किंमत आली की शिकणे मागे राहते आणि उत्पादन पुढे येते, असे त्यांचे म्हणणे होते. गरीब देशाची गरज एक आणि श्रीमंत शहराची चैन दुसरी, असेही यावर म्हणता येईल.

महाराष्ट्राशी खरा धागा जोडला गेला तो कोलंबियात. 1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकत होते आणि ड्यूई त्यांचे शिक्षक होते. ज्या माणसाने प्रोफेसरांच्या मुलांना रंधा आणि विळी हातात दिली, त्याच्या वर्गात हा विद्यार्थी बसला होता, आणि कोणी कोणते काम करायचे हे जन्मावर ठरवणाऱ्या समाजातून तो आला होता. 1936 मध्ये आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापले. त्यात जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे असे त्यांनी मांडले, आणि ड्यूईंचे ऋण नाव घेऊन मान्य केले. त्याच 1936 मध्ये कॅथरीन आणि अ‍ॅना या कॅम्प भगिनींचे ‘द ड्यूई स्कूल’ हे पुस्तक निघाले. शिक्षकांनी आठवड्याच्या अहवालांत लिहून ठेवलेल्या अनेक हकिकती त्या पुस्तकात छापून आल्या.