रोजची भाकर, रोजचे ऋण

माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या कर्जविभागात गेली. 'तारण' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. सोने तारण, माल तारण, घर तारण. कर्ज बुडू नये म्हणून कर्जदाराकडून जे ठेवून घ्यायचे, ते तारण. त्यामुळे नगरच्या एका देवळाच्या भिंतीवर (इकडचे ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात) मोठ्या अक्षरांत 'तारण' हा शब्द प्रथम वाचला, तेव्हा मला हसू आले होते. ती गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तो शब्द मात्र डोक्यातून गेला नाही, आणि त्याच्या मागे लागूनच मी मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचू लागलो. मी ख्रिस्ती नाही. घरात माळ आहे, आषाढीची वारी आहे. धर्मशास्त्राचे शिक्षण नाही, ग्रीक-हिब्रूची अक्षरओळखही कोशांच्या आधाराने झालेली. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका कारकुनाचे वाचन समजून वाचावे.

प्रश्न साधा आहे. ख्रिस्ती माणूस म्हणतो की देवाच्या कृपेने माझे तारण झाले. झाले, म्हणजे संपले का? बाप्तिस्म्याच्या तारखेला खाते बंद, शिल्लक निरंक, असा हा व्यवहार आहे का? तसे असेल तर तोच माणूस रोज संध्याकाळी गुडघे टेकून पुन्हा क्षमा का मागतो?

माझ्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. दिवेलागणीला आमच्याकडे हरिपाठ चालू असतो, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांची प्रभूची प्रार्थना ऐकू येते. येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिच्यात दोन मागण्या लागोपाठ येतात. पहिली रोजच्या भाकरीची, आणि लगेच दुसरी ऋण सोडण्याची. मराठी भाषांतरकारांनी 'भाकर' हा शब्द निवडला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. भाकर साठवून ठेवण्याची वस्तू नाही. सकाळची संध्याकाळी चिवट होते, दुसऱ्या दिवशी वाळते. ती रोजच थापावी लागते. मूळ ग्रीकमधल्या 'रोजची' या विशेषणाच्या नेमक्या अर्थावर विद्वानांत आजही वाद आहे. पण आज पुरेल तेवढेच आज मागायचे, ही वृत्ती वादापलीकडची आहे.

दुसऱ्या मागणीत मत्तयाने वापरलेला ग्रीक शब्द खरोखर देणे किंवा कर्ज या अर्थाचा आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात 'होबा' हा एकच शब्द कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी चालतो. लूकने हीच प्रार्थना देताना पहिल्या भागात 'पापे' म्हटले, तरी दुसऱ्या भागात देणेकऱ्यांचा उल्लेख त्याच्याकडेही राहिलाच. मराठीने मत्तयाचे 'ऋण' जसेच्या तसे ठेवले. भाकरीच्या आणि ऋणाच्या मागण्या एका 'आणि'ने जोडलेल्या आहेत. पोटाची भूक रोजची, तसे देणेही रोजचे, आणि म्हणून ते सोडणेही रोजचे.

याचे मूळ आणखी मागे, निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसरातून सुटलेल्या इस्राएली लोकांना अरण्यात मान्ना नावाचे अन्न मिळते. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरते गोळा करायचे. ज्याने जास्त गोळा केले त्याला उरले नाही, ज्याने कमी केले त्याला तुटले नाही. काहींनी उद्यासाठी राखून ठेवले, तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. गुलामीतून सुटका एका रात्रीत झाली होती, पण सुटलेल्या माणसांना जगवण्याचे काम पुढे चाळीस वर्षे रोज सकाळी चालले. ख्रिस्ती परंपरा कृपेकडे पाहते ती साधारण अशीच. सुटका एकदाची, पोषण रोजचे.

पौलाची पत्रे या दृष्टीने वाचली तर एक मजेशीर गोष्ट सापडते. तारण या क्रियेला तो तिन्ही काळ लावतो. इफिसकरांस पत्रात कृपेने तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात ज्यांचे तारण होत आहे असे लोक आहेत. रोमकरांस पत्रात तारण पुढे होणार आहे, जवळ येत आहे. हा घोटाळा नव्हे. धर्मशास्त्री याची फोड अशी करतात: देव माणसाला नीतिमान ठरवतो तो क्षण वेगळा, आणि त्या माणसाचे पवित्रीकरण ही चालणारी प्रक्रिया वेगळी. योहानाच्या तेराव्या अध्यायात हेच घरगुती दृष्टांताने येते. येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नको म्हणतो, मग म्हणतो हात आणि डोकेही धू. त्यावर येशूच्या उत्तराचा मथितार्थ असा, की ज्याची अंघोळ झाली आहे त्याला पाय धुतले की पुरे. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात येणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. अंघोळ झालेलीच असते, पण रस्त्याची धूळ रोज लागते.

ही रोजची कृपा मराठी मातीत कशी दिसली, हे पाहायला दोन बायकांची चरित्रे पुरेशी आहेत.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कारण तिला नाट्य आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन प्रवासी भेटतो, त्यांना नवा करार देतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत अशी आगगाडी नाही. नवरा धर्म सोडून गेला म्हणून त्या लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळेओवळे सांभाळतच. कुणाच्या हातचे पाणी, कुणाच्या चुलीवरचे अन्न, असा एकेक प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला. आधी शिवाशिव गळून पडली, विश्वास मागाहून आला, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळे त्यांनी हसतखेळत सांगितले आहे. पण त्या पुस्तकाचा माझ्या विषयाशी खरा संबंध बाप्तिस्म्यानंतरच्या पानांत आहे. टिळकांचा हात उधळा, लक्ष्मीबाईंची काटकसर. दारात आलेले पोरके मूल टिळक घरात घेणार, आणि भाकरीचा हिशेब लक्ष्मीबाई मांडणार. भांडणे व्हायची, रुसवे व्हायचे, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच घर, तीच मुले. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. पहिले दहा अध्याय त्यांचे. शाळेत न गेलेल्या या बाईने पुढचे चौसष्ट लिहून ग्रंथ पुरा केला. आगगाडीतल्या एका भेटीइतकीच ही चौसष्ट अध्यायांची चिकाटीही कृपेच्याच खात्यात मांडावी लागेल.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्याचा अनुभव त्यांना सुमारे आठ वर्षांनी आला. इतकी विख्यात बाई आपल्याच बाप्तिस्म्याची शिल्लक अपुरी होती असे छापून सांगते, हे धाडस आहे. पुढे 1896-97 च्या दुष्काळातून त्यांनी निराधार बायकामुली केडगावला आणल्या आणि त्या वस्तीला नाव दिले 'मुक्ती'. ही मुक्ती म्हणजे काय होते? विहिरी, शेती, माग, छापखाना, अंध बायकांसाठी शिक्षण. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचे काम घेतले. खिळे जुळवायला त्याच मुली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. छापील ग्रंथ 1924 मध्ये निघाला. रोज काही ओळी, रोज काही खिळे, असा तो उद्धार होता.

आता या विषयाची अवघड बाजू. प्रार्थनेतली ऋणाची मागणी एकटी येत नाही. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडले आहे तसे, अशी जोड तिला आहे. मग कृपा फुकट कुठे राहिली? आपण क्षमा केली तरच मिळणार असेल तर तो सौदाच झाला.

याचे उत्तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दृष्टांतात आहे, आणि ते आकड्यांत आहे, म्हणून माझ्यासारख्याला लवकर कळले. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. राजाने सगळे माफ केले. तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत साधारण सहा हजार दीनारांचा. म्हणजे राजाचे देणे झाले 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला 300 दिवस काम धरले तर 2 लाख वर्षे. असे कर्ज कुठलीही संस्था मंजूर करणार नाही, आणि कुठलेही तारण त्याला पुरणार नाही. सोबत्याचे देणे 100 दिवसांचे, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांत फिटणारे. प्रमाण 6 लाखांना 1.

पण आकड्यांहून क्रम महत्त्वाचा. राजाने आधी सोडले. चाकराने सोबत्याला सोडायचे ते त्यानंतर. आपली क्षमा ही कृपेची किंमत नाही, कृपा पोहोचल्याची पावती आहे. चाकराने माफी घेतली, पण ती त्याच्यात उतरलीच नाही. आणि हा दृष्टांत सांगायला निमित्त झाले ते पेत्राच्या प्रश्नाचे: भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूने दिलेला आकडा कुणी सत्त्याहत्तर वाचतात, कुणी सातास सत्तरांनी गुणतात. दोन्ही वाचनांचा अर्थ एकच, मोजू नकोस.

'भावाला' या शब्दाशी मी बरीच वर्षे अडखळत होतो. माझ्या धाकट्या भावाच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्याने हप्ते थकवले, आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून मी ते भरले. पावत्यांची पिशवी कपाटात आहे. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. हे मी बाईंना एकदा सांगितले, आणि विचारले, "बाई, तुम्ही रोज ऋण सोडलं म्हणता, मग ते परत रोज कसं उरतं?"

त्या म्हणाल्या, "भाऊ, सकाळी सोडते. दुपारी आठवण येते, की परत धरलेलं असतं. म्हणून संध्याकाळी पुन्हा सोडते."

एवढ्या वर्षांच्या वाचनात तारणाच्या तीन काळांचे याहून सोपे स्पष्टीकरण मला मिळालेले नाही. आणि मग मला आमच्याच घरची एक कथा नव्याने दिसली. चरित्रपरंपरा सांगते, की दुष्काळानंतर विरक्त झालेल्या तुकोबांनी सावकारीची खतपत्रे काढली, निम्मी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, त्यात त्यांना कोणता पूल अभिप्रेत होता हे वेगळे लिहिण्याचे काम आहे. दोन्ही परंपरा एकच आहेत असे मी म्हणणार नाही. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने खते बुडवण्याचा अधिकार क्रुसावर एकदा भरलेल्या खंडणीतून येतो, आणि 'खंडणी' हा शब्द मराठी पवित्र शास्त्रात त्याच अर्थाने आहे. वारकऱ्याची वाट वेगळी आहे. पण कर्ज बुडवणे हे वाईटच, असे तीस वर्षे मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, धनकोनेच बुडवलेले कर्ज ही कल्पना दोन्हीकडून येऊन गाठते.

गेल्या श्रावणात मी भावाला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. पाऊसपाण्याचे बोललो, मुलीच्या परीक्षेचे विचारले. मग तो आला, दोन मिनिटे बोलला. कर्जाचा विषय ना त्याने काढला, ना मी. फोन ठेवल्यावर मला हलके वगैरे काही वाटले नाही. उलट रात्री तो हप्त्यांचा आकडा पुन्हा आठवला, पैशासकट.

दुसऱ्या दिवशी बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना सांगितले. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"बरं झालं," म्हणाल्या. "आज परत करा."