परक्या गावातली पहिली रात्र

डिसेंबर १९९३. झेलम एक्स्प्रेस तीन तास उशिरा नवी दिल्लीला पोचली, तेव्हा रात्रीचे बारा वाजायला आले होते. मी चोविशीतला. बी.ए. होऊन दोन वर्षे झालेली, अंगात अब्बांचा जुना कोट आणि खिशात एका कविसंमेलनाचे निमंत्रण. दिल्ली कधी पाहिलेली नव्हती. पुण्याच्या एका स्नेह्याने फोन करून पहाडगंजातल्या एका लॉजमध्ये खोली सांगून ठेवली होती. लॉजचा पत्ता आणि माझे नाव एका चिठ्ठीवर लिहून दिले होते.

स्टेशनाबाहेर पडतो न पडतो तोच एक गृहस्थ पुढे आले. नीटनेटका स्वेटर, गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी. ‘‘कहाँ जाना है, भाईसाहब?’’ मी भाबडेपणाने चिठ्ठीच पुढे केली. त्यांनी पत्ता वाचला. मग खालचे नाव वाचले. माझ्याकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘उधर मत जाइए. आपके लिए वहाँ माहौल ठीक नहीं है.’’

बाबरी मशीद पडून जेमतेम वर्ष झाले होते. मुंबईच्या दंगलींच्या बातम्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. त्या चार शब्दांनी माझ्या पायातले बळच गेले. ते गृहस्थ मला रिक्षात घालून ‘आपल्या लोकांच्या’ म्हणून एका हॉटेलात घेऊन गेले. ठरल्या भाड्याच्या तिप्पट पैसे मोजून मी एका खिडकी नसलेल्या खोलीत, दाराला खुर्ची लावून, रात्रभर जागा राहिलो.

सकाळी चहावाल्याला मूळ लॉजचा पत्ता विचारला. चालत सात मिनिटांवर होते. मालक म्हातारे पंजाबी गृहस्थ, फाळणीत सगळे सोडून आलेले. मला पाहताच म्हणाले, ‘‘बेटा, दो बजे तक बत्ती जला के बैठा था मैं.’’ मी रात्रीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझी बॅग स्वतः उचलून त्यांनी खोलीत नेऊन ठेवली.

आज प्रवासातल्या फसवणुकीबद्दल बोलायचे, तर सुरुवात त्या रात्रीपासूनच करायला हवी. कारण त्या माणसाने मला खोली विकली नव्हती, भीती विकली होती. तीही माझ्या मापाची, माझे नाव वाचून बेतलेली. एकट्या बाईला तो वेगळी भीती विकतो, परदेशी पाहुण्याला वेगळी, गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला आणखी वेगळी. माल बदलतो, धंदा तोच.

हा धंदा कसा चालतो हे दिल्लीच्या उदाहरणावरून चांगले समजते. नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडे आहेत, एक पहाडगंजकडे आणि दुसरे अजमेरी गेटकडे. परदेशी प्रवाशांसाठी रेल्वेचे स्वतंत्र आरक्षण केंद्र वर्षानुवर्षे पहाडगंजच्या बाजूला, स्थानकाच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर होते. जिन्याच्या पायथ्याशीच कोणीतरी गाठायचा आणि सांगायचा, ‘ते ऑफिस बंद झाले, आग लागली, दुसरीकडे हलवले.’ मग तो पाहुण्याला कॅनॉट प्लेसच्या एखाद्या खासगी दुकानात नेई. पाटीवर ‘टुरिस्ट इन्फर्मेशन’, भिंतीवर भारताचा नकाशा, टेबलामागे अदबशीर माणूस. तिथे दिल्लीत राहण्यासाठी आलेला मनुष्य काश्मीरच्या हाउसबोटीचे आगाऊ पैसे भरून बाहेर पडायचा. भारत सरकारच्या पर्यटन खात्याचे खरे कार्यालय जनपथवर, ८८ क्रमांकाच्या इमारतीत. पण ज्याला ते माहीत नाही, त्याला पाटी आणि नकाशा पुरेसा असतो.

आपल्यासारख्या देशी प्रवाशाला हीच गोष्ट दुसऱ्या रूपात भेटते. ‘तुमची गाडी रद्द झाली.’ ‘या तिकिटावर शिक्का लागतो.’ ‘त्या हॉटेलचा रस्ता मोर्च्यामुळे बंद आहे.’ ‘ते हॉटेल कधीच बंद पडले, हवे तर फोन लावून देतो.’ फोन तो स्वतःच्या मोबाइलवरून लावतो आणि पलीकडे त्याचाच साथीदार ‘आज खोली नाही’ म्हणतो.

नीट पाहिले तर या सगळ्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, तुमचा एक निर्णय आधीच झालेला असतो. दुसरी, कोणीतरी अनोळखी माणूस आपणहून येतो आणि एक वाईट बातमी देऊन तो निर्णय मोडतो. तिसरी, मोडलेल्या जागी तोच लगेच दुसरा निर्णय ठेवतो आणि घाई करतो. या तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या की समजावे, बातमी खोटी आहे.

यावर माझा उपाय साधा आहे. वाट विचारायची तर माणूस आपण निवडावा, माणसाला आपल्याला निवडू देऊ नये. स्टेशनाबाहेर शंभर माणसे असतात. त्यांतला जो स्वतःहून तुमच्याकडे येतो, त्याच्यापेक्षा आपल्या कामात गुंतलेला औषधाच्या दुकानातला माणूस, वर्दीतला पोलीस, पोरांना घेऊन उभे असलेले कुटुंब यांना विचारावे. बातमी पडताळून पाहावी. गाडी रद्द आहे का, हे रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळते. हॉटेल चालू आहे का, हे आपल्या फोनवरून, आपल्याजवळच्या नंबरवर विचारावे. रस्ता बंद असेल, तर बंद दिसेपर्यंत जावे.

आता मुक्काम कुठे करावा, याबद्दल. ‘दिल्लीत सुरक्षित वस्ती कोणती?’ असे मला बरेच जण विचारतात. या प्रश्नात मला नेहमी एक खोच दिसते. माझे काही नातेवाईक म्हणतात, ‘तू जामा मशिदीजवळ राहा, तुला तिथे बरे.’ काही मित्र म्हणतात, ‘तेवढा भाग सोडून कुठेही राहा.’ दोघांचेही प्रेम खरे, आणि दोघांपैकी कोणीच तिथे कधी रात्र काढलेली नाही. वस्तीची कीर्ती हा बहुधा दुरून ऐकलेला प्रकार असतो.

मी वस्ती अशी पाहतो. रात्री नऊ वाजता त्या रस्त्यावर बायका-मुले दिसतात का? औषधाचे दुकान, दूध-किराण्याचे दुकान उघडे असते का? मेट्रोच्या स्थानकापासून मुक्कामापर्यंत उजेडातून चालत जाता येते का? ही तीन उत्तरे ‘हो’ असतील, तर तिथे कोणत्या देवाची माणसे राहतात याची चौकशी मी करत नाही.

पहाडगंज स्वस्त, स्टेशनाला लागून, पहाटेची गाडी असेल तर सोयीचे. नूतन मराठी शाळाही त्याच भागातली, त्यामुळे मराठी कानाला अगदी परके नाही. पण गजबज आणि दलालांचा ससेमिरा सोसायची तयारी हवी. निजामुद्दीन स्थानकावर उतरणाऱ्याला निजामुद्दीन ईस्टची शांत वस्ती जवळ. लजपतनगरासारख्या भागात घरगुती गेस्टहाउसे आहेत. पैसे थोडे जास्त पडतात, पण सकाळी शेजारची मुले शाळेला जाताना दिसतात. विमान पहाटेचे असेल, तर विमानतळाजवळच राहिलेले बरे. करोल बाग खरेदीला आणि मेट्रोला उत्तम. मात्र २०१९च्या फेब्रुवारीत तिथल्या एका हॉटेलला पहाटे आग लागून १७ जण दगावले. आपण चोराचिलटांचा विचार करतो आणि जिन्याचा विसरतो. खोली घेण्याआधी दोन मिनिटे काढून पाहावे, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, खिडकी उघडते का, जिन्यात सामान रचून ठेवले आहे का. १९९३ साली दाराला खुर्ची लावून मी बसलो होतो, त्या खोलीला खिडकीच नव्हती. भीतीपोटी मी अधिक धोक्याच्या जागी जाऊन निजलो होतो, हे मला कितीतरी वर्षांनी सुचले.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना आवाज जरा अडखळतो. फोनवर ‘या, खोली आहे’ म्हणणारे हॉटेल दारात नाव ऐकल्यावर ‘आत्ताच भरली’ म्हणते, असे माझ्या बाबतीत घडलेले आहे. म्हणून खोली ठरवताना मी पूर्ण नाव सांगतो, ते लिहून घ्यायला सांगतो आणि निघायच्या दिवशी पुन्हा एक फोन करतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या बायकांनी आणि अविवाहित जोडप्यांनीही हेच करावे. नकार यायचाच असेल, तर तो घरी बसलेले असताना यावा, मध्यरात्री हातात बॅग घेऊन नव्हे.

पहिल्या रात्रीची सोय नेहमी आधी करावी, आणि एकाच रात्रीची. जागा पटली तर मुक्काम वाढवता येतो. शक्यतो दिवसा उजेडी पोचावे. ते जमणार नसेल, तर बऱ्याच मोठ्या स्थानकांवर रेल्वेच्याच विश्रामखोल्या असतात आणि आरक्षित तिकिटावर त्या आधी राखून ठेवता येतात. रिक्षा प्रीपेड केंद्रावरून घ्यावी. तिथे मिळणारी पावती मुक्कामी उतरल्यावरच चालकाच्या हाती द्यावी, आधी नाही. ती पावती म्हणजेच त्याचे भाडे असते. ती त्याला मिळाली, की वाटेत कुठेही उतरवायला तो मोकळा.

लहानसहान लबाड्यांची यादी मोठी आहे. ‘वीस रुपयांत दिल्ली दाखवतो’ म्हणणारा रिक्षावाला तुम्हाला गालिच्यांच्या दुकानात नेतो, कारण गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्याला तिथे कमिशन असते. कॅनॉट प्लेसमध्ये तुमच्या बुटावर नकळत घाण पडते आणि समोरच पॉलिशवाला हजर असतो. तुम्ही पाचशेची नोट देता आणि तो क्षणात शंभराची दाखवून म्हणतो, ‘साहेब, ही शंभराची आहे.’ म्हणून नोट देताना आकडा मोठ्याने उच्चारावा. आता मोबाइलचे दिवस आहेत. ‘खोलीचे आगाऊ पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका,’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, तो जाण्यासाठीच लागतो.

देवाच्या दारीही सावध असावे. निजामुद्दीनच्या दर्ग्यात मी दर खेपेला जातो. अमीर खुसरो तिथेच निजले आहेत आणि गालिबची मजारही चार पावलांवर आहे. कवीला ही वारी चुकत नाही. पण तिथेही कोणीतरी वही उघडून पुढे धरतो. आधीच्या भाविकांची नावे, त्यांच्यापुढे मोठमोठ्या रकमा, आणि लाजेने तुम्हीही तेवढीच लिहावी ही अपेक्षा. दर्ग्याला तिकीट नाही. द्यायचे ते मनाने, झेपेल तेवढे, पेटीत टाकावे. तीर्थक्षेत्र कोणाचेही असो, भक्ताच्या संकोचावर पोट भरणारे सगळीकडे सारखेच.

इतके करूनही फसलो तर? तर लाजू नये. फसवणारा आपल्या गप्प बसण्यावर जगत असतो. ११२ वर पोलीस मिळतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. ऑनलाइन पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगोलग कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. माझी १९९३ची गोष्ट मी दहा वर्षे कोणाला सांगितली नव्हती. तेवढ्या काळात त्याच स्टेशनावर किती जणांना कोणकोणत्या ‘माहौल’ची भीती घातली गेली असेल!

फसवणुकीत पैसे जातात, ते पुन्हा मिळवता येतात. पण माणसाचा माणसावरचा विश्वास गेला, तर प्रवासात उरते काय? त्या रात्री मी एका भामट्याचे ऐकून एका भल्या माणसाला दोनपर्यंत ताटकळत ठेवले, याची बोच मला तिप्पट भाड्यापेक्षा जास्त आहे. सावधपणा म्हणजे सगळ्यांवर संशय नव्हे. कोणावर विश्वास ठेवायचा, हे आपण ठरवावे, इतकेच. पुढे मी दिल्लीला गेलो की त्याच लॉजमध्ये उतरत असे. ते म्हातारबाबा गेल्यावर त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला. तोही नाव विचारायचा, ते नोंदवहीत लिहायचे असते म्हणून.

गेल्या वर्षी माझी थोरली मुलगी एकटी दिल्लीला गेली, मुलाखतीसाठी. स्टेशनावर उतरल्या उतरल्या तिचा फोन आला.

‘‘अब्बा, इथे एक काका सांगताहेत, मेट्रो बंद आहे म्हणून.’’

माझ्या काळजाचा ठोका चुकला. ‘‘मग?’’

‘‘मग काय, जिना उतरून पाहिलं. चालू आहे. ठेवते आता, गाडी आली.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)