भीती इंजेक्शनाची, धोका गोळीचा

मार्च २०२० मध्ये जगभरच्या पोटविकारतज्ज्ञांकडे सारखी एकच विचारणा होत होती: इंजेक्शन थांबवायचं का? विचारणारे होते अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्सचे रुग्ण. या आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यांवर उलटते, म्हणून तिला आवर घालणारी औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. त्यात नवा विषाणू दारात. महागडं, भारी नावाचं ‘बायोलॉजिकल’ इंजेक्शन आता जिवावर उठेल, असं रुग्णांना वाटलं आणि बऱ्याच डॉक्टरांनाही. उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कचं माउंट सायनाय रुग्णालय आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ इथल्या डॉक्टरांनी ‘सिक्युअर-आयबीडी’ नावाची नोंदवही उघडली. कोविड झालेल्या आपल्या रुग्णाची माहिती कुठल्याही देशातल्या डॉक्टरने तिथे नोंदवायची. पहिल्या ५२५ रुग्णांचा, ३३ देशांतला, हिशेब लवकरच हाती आला. त्यातल्या ३७ जणांचा आजार गंभीर झाला होता, म्हणजे अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू. ज्यांची धास्ती होती त्या ‘बायोलॉजिकल’ (टीएनएफ-रोधक) इंजेक्शनांचा या गंभीर आजाराशी संबंध दिसला नाही. दिसला तो स्टिरॉइडचा: वय आणि इतर आजार जमेस धरूनही गंभीर होण्याची शक्यता सुमारे सातपट. ३७ ही संख्या लहान, त्यामुळे नेमक्या ‘सात’वर फार विसंबू नये, पण रोख कुणाकडे होता ते स्पष्ट होतं.

मला यात उपरोध वाटतो. स्टिरॉइडची गोळी स्वस्त, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी, म्हणून तिचं भय नाही. दोन दिवसांत रक्त थांबतं, भूक लागते, माणूस कामावर जातो. पुढच्या वेळी त्रास झाला की जुनीच चिठ्ठी दुकानदारासमोर धरली जाते. या औषधाचे उपकार विसरता येणार नाहीत. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची चाचणी घेतली आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले. तीव्र कोलायटिसमध्ये माणसं वाचतात, हे त्यातून ठरलं. भडका विझवायला ते अजूनही हवंच. महिनोन्‌महिने चालू ठेवायला नको.

कारण विषाणू बाहेरूनच येतात असं नाही. सायटोमेगॅलो हा विषाणू आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि मुकाट पडून राहतो. कोलायटिसचा जोरदार भडका स्टिरॉइडनेही आटोक्यात येत नसेल, तर दुखऱ्या आतड्याचा तुकडा तपासावा लागतो. त्यात घुबडाच्या डोळ्यांसारख्या केंद्रकाच्या फुगलेल्या पेशी दिसल्या, की हा विषाणू जागा झाला म्हणायचा. अशा वेळी केवळ स्टिरॉइडचा डोस चढवत राहणं घातक. गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूरोधक देण्याचा विचार करावा लागतो.

नागिणीचंही तसंच. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून असतो. स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनने तो उठण्याची शक्यता वाढते. कोलायटिसवरच्या टोफासिटिनिब या गोळीने तर ठळकपणे, आणि डोस जास्त तशी जास्त. ही गोळी आता भारतात जेनेरिक स्वरूपात मिळते. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत आपल्या गावांत अजून आहे. ती खरी नाही, पण तिच्या भरात लेप लावण्यात पहिले तीन दिवस जातात, आणि विषाणूरोधक गोळ्यांचा खरा उपयोग तेव्हाच असतो. नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे ही औषधं चालू असतानाही ती घेता येते. भारतात ती २०२३ पासून मिळते. किंमत मात्र मध्यमवर्गालाही बोचणारी.

कांजिण्या आणि गोवर यांच्या लशींत दुबळे केलेले का होईना, जिवंत विषाणू असतात. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना त्या टाळतात, म्हणून हा विचार जोरदार औषधं सुरू होण्याआधीच व्हायला हवा. हिपॅटायटिस ‘बी’ची रक्ततपासणीही तेव्हाच. फक्त पृष्ठभागाचं प्रतिजन पाहून भागत नाही. ‘कोअर’ प्रतिपिंडही पाहतात, कारण बरा झालेला वाटणारा विषाणू यकृतात शिल्लक असू शकतो. धोका आढळला तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोजची गोळी आधी सुरू करता येते, आणि मग इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ-रोधकाचं इंजेक्शन अडत नाही.