बर्फाच्या गावातली वाइन

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर नीगाता नावाचा प्रांत आहे. भात आणि बर्फ या दोन गोष्टींसाठी तो देशभर ओळखला जातो. हिवाळ्यात सैबेरियाकडून सुटलेले गार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना भरपूर बाष्प उचलतात. किनाऱ्यामागच्या डोंगरांना ते अडतात आणि सगळा भार बर्फाच्या रूपात खाली उतरवतात. याच प्रांतातल्या ताकादा इथे २६ फेब्रुवारी १९४५ रोजी ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. घराचा तळमजला पुरता गाडला जाईल, इतका.

या ताकादाच्या पंचक्रोशीत, आताच्या जोएत्सू शहराच्या हद्दीत, १८९० साली एक द्राक्षमळा लावला गेला. त्याचं नाव इवानोहारा. तो मळा आणि त्याची वायनरी आजही चालू आहे. जपानमध्ये लाल वाइनसाठी सर्वाधिक पिकणाऱ्या द्राक्षाचा जन्म इथलाच.

मळा लावणारे कावाकामी झेनबेई १८६८ साली एका मोठ्या जमीनदार घराण्यात जन्मले. त्यांची कुळं भातशेती करत. पूर आला की पीक जाई आणि बर्फ पडला की कित्येक महिने हाताला काम नसे. कुळांची ही ओढाताण झेनबेई लहानपणापासून पाहत होते. शोगुनांच्या काळातले मुत्सद्दी आणि जपानी आरमाराच्या उभारणीतले अग्रणी कात्सु काइशु यांचा या घराशी स्नेह होता. पाश्चात्त्य जगाशी परिचय असलेल्या या वडीलधाऱ्यांच्या सहवासात झेनबेईंच्या मनात वाइनचा विचार रुजला. हिशोब सरळ होता. द्राक्षाला भाताची खाचरं लागत नाहीत, डोंगरउतारावरची पडीक जमीन चालते. साके गाळायला जो तांदूळ जातो, तोही वाचतो. त्यांनी राहत्या घराची शोभिवंत बाग मोडली आणि तिथेच पहिले वेल लावले.

पहिली मोठी अडचण आली ती तळघरात. द्राक्षाचा रस आंबताना यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. नीगाताचा हिवाळा कडक असला, तरी उन्हाळा दमट आणि तापट असतो. द्राक्षं उतरवायच्या दिवसांतही हवेत ऊब असते. रसाचं तापमान फार चढलं, की यीस्ट मंदावतं, साखर अर्धवट राहते, नको ते जिवाणू वाढतात आणि वाइन बिघडते. आज वायनऱ्यांत शीतयंत्रं असतात. एकोणिसाव्या शतकातल्या या खेड्यात कसली यंत्रं?

पण बर्फ होता, आणि तो कुणालाच नको होता. त्या भागात हिमघरात बर्फ रचून, वर पेंढा अंथरून तो उन्हाळ्यापर्यंत टिकवायची जुनी रीत होती. झेनबेईंनी तीच वाइनच्या कामाला लावली. १८९५ साली त्यांनी दगडी तळघर बांधलं, १८९८ साली दुसरं बांधलं आणि त्याला लागून बर्फाची खोली काढली. यामागचं विज्ञान साधं आहे. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेनं एक लिटर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. खोलीभर दाबून भरलेला बर्फ म्हणजे महिनोन्‌महिने पुरणारा गारवा. इवानोहाराच्या तळघरासाठी बर्फाचा हा उपयोग आजही केला जातो.

दुसरी अडचण वेलाची होती, आणि ती सोडवायला अर्धं आयुष्य गेलं. युरोपातली नामवंत वाइनची द्राक्षं कोरड्या उन्हाळ्याला सरावलेली. जपानात ऐन वाढीच्या दिवसांत पावसाळा येतो आणि तोडणीच्या सुमारास वादळं. सततच्या ओलीनं केवडा आणि कुजवा मळा खाऊन टाकतात. अमेरिकी जाती चिवट असतात, पण त्यांच्या वाइनला उग्र वास येतो. झेनबेईंनी परदेशांतून शेकडो जाती मागवून लावून पाहिल्या, १९०८ साली द्राक्षशेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. शेवटी त्यांना पटलं, की इथल्या मातीला हवं ते द्राक्ष इथेच घडवावं लागेल.

१९२२ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी संकराचं काम हाती घेतलं. एकूण १०,३११ संकर केले आणि त्यांतून २२ जाती निवडल्या. त्यांतली सर्वांत यशस्वी मस्कट बेली ए. ‘बेली’ या अमेरिकी संकरित जातीशी ‘मस्कट हँबुर्ग’ या युरोपीय जातीचा संकर १९२७ मध्ये झाला आणि १९३१ मध्ये तिला फळ धरलं. रोगाला दाद न देणारा वेल, गडद मणी आणि स्ट्रॉबेरीची आठवण करून देणारा गंध, हे तिचे गुण.

यातली ‘बेली’ घडवली टेक्सासच्या थॉमस मन्सन यांनी. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे नाव परकं वाटू नये. आपल्याकडे ज्या डॉगरिज खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात, तो खुंटही मन्सन यांनीच टेक्सासच्या रानातून निवडलेला आहे.

झेनबेईंना याची किंमत मोजावी लागली. त्या काळच्या जपानी गिऱ्हाइकाला साखर घातलेली गोड वाइन आवडे. खरी वाइन खपत नसे. कर्ज वाढत गेलं, वडिलोपार्जित जमिनी गेल्या. १९३४ साली पुढे सनटोरी म्हणून प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे संस्थापक तोरिई शिन्जिरो यांनी भागीदारी केली, म्हणून मळा वाचला. झेनबेईंनी आपलं संशोधन १९४० मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना जपानच्या कृषिविज्ञान क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. १९४४ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये मस्कट बेली ए आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत नोंदली गेली.

झेनबेईंचं मोठेपण मला त्यांच्या पद्धतीत दिसतं. गावाची हवा बदलता येणार नाही, हे मान्य करून त्यांनी बर्फाला कामाला लावलं आणि पावसाला पुरून उरेल असा वेल तयार केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ‘कटावबा’ या अमेरिकी आणि ‘ब्यूटी सीडलेस’ या युरोपीय वळणाच्या जातीच्या संकरातून एआरआय-५१६ हे रस आणि वाइनसाठीचं, बुरशीला सहज बळी न पडणारं द्राक्ष तयार केलं, ते याच वाटेनं. अवकाळी पावसानं दरसाल हैराण होणाऱ्या आपल्या द्राक्षपट्ट्याला अशा कामाची नितांत गरज आहे. अशा संशोधनाला वर्षं लागतात आणि पैसा लागतो. सरकारनं आणि बागायतदार संघटनांनी तो हात आखडता न घेता दिला पाहिजे.