गाडी मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? धंद्याच्या हिशोबाने बघूया



दुकान जरा स्थिरावलं की पुढचा विचार ठरलेला असतो. टू-व्हीलरवर माल किती दिवस न्यायचा, आता एक छोटी कार घेऊन टाकू. शोरूममध्ये गेलात की सेल्समन एकाच मॉडेलचे दोन भाव सांगतो. मॅन्युअल इतक्याला, आणि ऑटोमॅटिक त्यापेक्षा पन्नासएक हजार जास्त. मग घरी दोन तट पडतात. एक म्हणतो, आता कोण क्लच दाबत बसतो? दुसरा म्हणतो, ऑटोमॅटिक म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. व्हिडिओत मी हा विषय पाच मिनिटांत उरकला होता, इथे नीट हिशोबासकट मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंद्यासाठी गाडी घेताना "कुठला गिअरबॉक्स चांगला" हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की ही गाडी रोज कोण चालवणार, आणि तो माणूस आजारी पडला तर कोण चालवणार?

पण त्याआधी एक गोंधळ दूर करू. "ऑटोमॅटिक" ही एकच वस्तू नाही. दहा लाखांच्या आतल्या बहुतेक गाड्यांत जी मिळते ती एएमटी. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि हा प्रकार आपल्याकडे सामान्य माणसाच्या खिशात बसला. आत गिअरबॉक्स तोच, मॅन्युअलचाच. क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पाय-हाताऐवजी एक यंत्रणा करते, आणि तिला हुकूम देतो कॉम्प्युटर. म्हणून ती स्वस्त पडते आणि ॲव्हरेजही मॅन्युअलच्या जवळपास देते. आणि म्हणूनच पहिल्यातून दुसरा गिअर पडताना ती मान डोलावते. माणूस क्लच दाबताना आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो, हिला ते सगळं स्वतः जुळवावं लागतं.

त्याच्या वर सीव्हीटी (पट्टा आणि पुली, गिअर पडल्याचं कळतच नाही), टॉर्क कन्व्हर्टर (जुना, दणकट प्रकार, तेलाच्या दाबावर चालणारा) आणि डीसीटी म्हणजे दोन क्लचवाला वेगवान प्रकार. हे तिन्ही चालवायला एएमटीपेक्षा मऊ. पण भावातला फरक लाखाच्या पुढे जातो. पहिल्या धंद्याच्या गाडीला बहुतेकांची तुलना मॅन्युअल आणि एएमटी यांच्यातच होते, म्हणून मीही तिथेच जास्त थांबतो.

दिवसाचा हिशोब

एक्स-शोरूम भावात ५० हजारांचा फरक म्हणजे तुमच्या खिशातून ५० हजारच जाणार असं नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्या फरकावर आणखी साडेपाच हजार. विमा थोडा वाढतो. सोयीसाठी ६० हजार धरू. हे सगळे कर्जात गेले, ९ टक्के व्याज, ५ वर्षं, तर महिन्याचा हप्ता साधारण १,२४६ रुपयांनी वाढतो. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला ४८ रुपये. महागड्या ऑटोमॅटिकसाठी फरक १ लाख ४० हजार धरला तर हप्ता २,९०६ ने वाढतो, दिवसाला ११२ रुपये.

आता प्रश्न सोपा झाला ना? दिवसाला ४८ रुपये देऊन मला काय मिळतंय? दिवसातून एकदाच गोडाऊनला जाऊन येणार असाल, रस्ता मोकळा असेल, तर फारसं काही नाही. तोच पैसा दुकानात स्टॉक म्हणून ठेवला तर फिरेल. पण पुण्यात हडपसरपासून कोथरूडपर्यंत दिवसाला दोन फेऱ्या असतील, तर ४८ रुपयांत तुमचा डावा पाय आणि संध्याकाळचं डोकं शाबूत राहतं. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं तेव्हा दुकानदार ताजातवाना असणं यालाही किंमत आहे, ती कुठल्या बिलात दिसत नाही एवढंच.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा, १० लाखांच्या रेषेचा. समजा मॅन्युअल ९ लाख ७० हजारांना आहे आणि ऑटोमॅटिक १० लाख २५ हजारांना. फरक दिसतो ५५ हजारांचा. पण १० लाखांच्या पुढे रोड टॅक्स ११ वरून १२ टक्के होतो, आणि तो पूर्ण रकमेवर. पहिलीला १,०६,७०० आणि दुसरीला १,२३,०००, म्हणजे १६,३०० इथेच वाढले. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस भरावा लागतो, इथे १०,२५०. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, पण गाडी घेताना हातातून रोख जातोच. सेल्समनकडून दोन्ही गाड्यांचं ऑन-रोड कोटेशन कागदावर घ्या, तोंडी फरकावर विश्वास ठेवू नका.

आणि "धंद्याच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. माणसं नेणाऱ्या साध्या कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सर्वसाधारण दुकानदाराला मिळत नाही. ते मिळतं मालवाहू गाडीवर. म्हणजे ऑटोमॅटिकसाठी दिलेल्या जास्तीच्या पैशातला कर हा तुमचा खर्चच. घसाऱ्याचं म्हणाल तर स्वतःच्या वापराच्या धंद्याच्या कारवर वर्षाला १५ टक्के मिळतो, पण बहुतेक छोटे दुकानदार ज्याला ४४एडी म्हणतात त्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने रिटर्न भरतात, तिथे घसारा वेगळा मागता येत नाही. तुमचं नेमकं काय आहे ते सीएला विचारा. आणि कंपनीच्या नावावर गाडी घेत असाल तर रोड टॅक्सचा दर बराच चढा आहे, तेही आधी विचारून घ्या.

स्टिअरिंगवर कोण?

आता मूळ मुद्दा. आपल्याकडच्या किती दुकानांत असं चित्र आहे बघा: गाडी एक, चालवणारा एक, तो म्हणजे मालक. मालक लग्नाला गेला की डिलिव्हरी बंद. घरात बायकोकडे लायसन्स आहे, वहिनीकडे आहे, पण "मला त्या हाफ क्लचची भीती वाटते, चढावर गाडी मागे जाते" म्हणून गाडी दारात उभी. आपल्याकडे कारच्या लायसन्समध्ये मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही, त्याच लायसन्सवर दोन्ही चालवता येतात. (इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवायची परवानगी मिळत नाही.) म्हणून ऑटोमॅटिकमुळे घरात दुसरा, तिसरा ड्रायव्हर तयार होत असेल तर ती माझ्या दृष्टीने सोय नाही, ती धंद्याची क्षमता वाढली. महिन्यातून दोन-तीन दिवस बदली ड्रायव्हर लावायची वेळ टळली तरी ते १,२४६ रुपये बहुतेक गावांत तिथेच निघून येतात.

घरगुती केकचा व्यवसाय करणाऱ्या ताई माझ्या बॅचेसमध्ये बऱ्याच असतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न, एएमटीच्या धक्क्याने केक हलेल का? पाय दाबून चालवली तर हलेल. पण गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडायची सवय लावली की धक्का बराच कमी होतो. आठवड्याभरात पायाला ते कळतं. आणि केक सीटवर नाही, डिकीच्या सपाट तळावर, खाली रबरी मॅट टाकून ठेवायचा. सीटला उतार असतो, तिथे कुठलाच गिअरबॉक्स तुम्हाला वाचवणार नाही.

उलट बाजूही आहे. तुम्ही पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल, तर तो बहुतेक वेळा मॅन्युअलवर हात बसलेला असतो. त्याला एएमटी दिली की चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतो, आणि क्लच प्लेट जळते. त्याचा पाय थकतोय की नाही याची काळजी तुम्ही करावी हे माणुसकीला धरून आहे, पण ४८ रुपये खर्च करायचे तर त्याला आधी दोन दिवस शिकवाही. सांगायच्या गोष्टी तीनच: चढावर थांबलं की ब्रेक किंवा हँडब्रेक, लांब सिग्नलला न्यूट्रल, आणि घाट उतरताना मॅन्युअल मोड. डी मध्ये ठेवून पाय सोडला तर उतारावर गाडी वरचा गिअर घेऊ शकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबा घाटातून माल घेऊन कोकणात उतरणाऱ्याने मोड एम वर घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरावं. चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचा असेल तरी एएमटी गिअर खाली घ्यायला क्षणभर वेळ लावते, तेव्हाही एम मोडच बरा. रोजचाच रस्ता घाटाचा आणि गाडी भरलेली, असं असेल तर मी सरळ मॅन्युअल घ्या म्हणेन.

गाव कुठलं आहे यावरही बरंच ठरतं. मॅन्युअलची क्लच प्लेट तालुक्याच्या ठिकाणचा कुठलाही चांगला मिस्त्री बदलतो, बॅटरी उतरली तर चार माणसं धक्का मारून गाडी सुरू करतात. एएमटीची यंत्रणा बिघडली, किंवा नुसती क्लच प्लेट बदलली तरी नंतर स्कॅनर लावून तिची सेटिंग करावी लागते, आणि ते काम बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचंच. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढायची नाही, पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवून न्यायची. सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून १० किलोमीटरवर आहे की ९०, हे गाडी घ्यायच्या आधी मोजा. डिलिव्हरीचे दोन दिवस गेले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

रोज साठ-सत्तर किलोमीटर किंवा जास्त धावणार असाल तर ऑटोमॅटिकच्या आधी सीएनजीचा विचार करा. जास्तीचे ५०-६० हजार इंधनात वाचवणं हे पाय वाचवण्यापेक्षा लवकर परत येतं. सीएनजी आणि ऑटोमॅटिक दोन्ही एकत्र हवं असेल तर पर्याय मोजकेच. २०२४ मध्ये टाटाने टियागो आणि टिगोरमध्ये तसा पहिल्यांदा दिला. बाकी बहुतेक सीएनजी गाड्या मॅन्युअलच. फक्त डिकी उघडून बघा, सिलिंडर बसल्यावर तुमचे क्रेट मावतात का.

आणि खरं तर तुमचा माल रोज डिकीबाहेर येत असेल तर तुम्हाला कार नकोच आहे. ईको कार्गो, सुपर कॅरी, टाटा एस, बोलेरो पिकअप या रांगेत या. पेट्रोल, डिझेल, सीएनजीमध्ये तिथे गिअरची निवड करायचा प्रश्नच येत नाही, मॅन्युअलच मिळते, आणि जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिटही. इलेक्ट्रिक मालवाहू घेतलीत तर तिला क्लचही नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत, पण चार्जिंगचं गणित हा वेगळा विषय आहे.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी

जुनी मॅन्युअल बघताना क्लच कुठे पकडतो ते बघा, अगदी वर आल्यावर पकडत असेल तर प्लेट संपत आलीय, भाव पाडा. जुनी एएमटी असेल तर सकाळी थंड इंजिनवर बघायला जा, मालकाने आधीच गरम करून ठेवलेली नको. पहिला-दुसरा गिअर कसा पडतो, रिव्हर्स लगेच लागतो का, आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनरचा रिपोर्ट काढा, त्याचे पैसे तुम्ही द्या. वॉरंटी संपलेली डीसीटी गाडी कितीही चकचकीत आणि स्वस्त दिसली तरी पहिल्या धंद्याची गाडी म्हणून घेऊ नका. तिच्या गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर बिल लाखाच्या घरात जातं, आणि ते नवीन धंद्याचं खेळतं भांडवल असतं.

नवीन घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातला जो दुसरा माणूस गाडी चालवणार आहे त्याला न्या आणि त्यालाच आधी बसवा. मागे तुमच्या नेहमीच्या वजनाचे दोन-तीन क्रेट टाका, सेल्समन नाही म्हणणार नाही. शोरूमसमोरच्या रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही, संध्याकाळी सहानंतर वेळ मागा आणि मंडईकडून न्या. चढावर थांबवून ब्रेक सोडा, गाडी किती मागे येते ते बघा. सपाटीवर ब्रेक सोडल्यावर ती आपसूक हळू पुढे सरकते का ते बघा, गर्दीत त्याचाच उपयोग. मग दुकानाच्या गल्लीत रिव्हर्स घ्या. एएमटीला बहुतेक गाड्यांत पार्किंगचा पी नसतो, त्यामुळे उतारावर लावताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, हेही तिथेच एकदा करून घ्या. मग तीच चक्कर मॅन्युअलवर मारा, त्याच दिवशी, त्याच रस्त्याने.