ऊन, सावली आणि छायाचित्र

वैशाखातील दुपार आहे. ओसरीच्या सावलीत आजी तांदूळ निवडीत बसली आहे आणि तिच्या मागे अंगण उन्हाने लखलखत आहे. आपल्या डोळ्यांना आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्याही दिसतात आणि अंगणातील तुळशीची पानेही दिसतात. परंतु याच दृश्याचे छायाचित्र घेतले तर अंगण नीट उमटते व आजीची केवळ काळी आकृती उरते. किंवा आजी स्पष्ट दिसते व अंगण पांढरेफटक पडते. गुरूवाचून छायाचित्रण शिकणाऱ्यास ही अडचण लवकरच भेटते. असे का व्हावे?

भर उन्हातील वस्तू सावलीतील वस्तूंपेक्षा शेकडो पटींनी, प्रसंगी हजार पटींनीही तेजस्वी असू शकते. नजर अंगणाकडे वळली की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, ओसरीकडे वळली की विस्फारते. नेत्रपटलही आपली संवेदनक्षमता बदलते आणि मेंदू या निरनिराळ्या दर्शनांतून एक अखंड दृश्य जुळवितो. कॅमेऱ्याला ही मुभा नाही. त्याची झडप एकदा उघडते व मिटते. तेवढ्या अवधीत उन्हाला आणि सावलीला एकच माप लागते. अशा रीतीने पटलावर पडू दिलेल्या प्रकाशाच्या मात्रेस उद्भासन असे म्हणतात. शिवाय छापील कागदाचा शुभ्र भाग त्याच्या गडद काळ्या भागाहून सुमारे शंभरपटच अधिक प्रकाश परावर्तित करतो. हजारपटींचे दृश्य शंभरपटींच्या कागदावर बसवावयाचे, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वापरात असलेल्या काचा निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असत. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने 1857 साली सेत येथील लाटांचे चित्र करताना समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह काचा वापरल्या व क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळविला. पुढे 1997 साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल डेबेवेक आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले जितेंद्र मलिक यांनी, एकाच दृश्याच्या भिन्न उद्भासनांच्या छायाचित्रांवरून दृश्यातील तेजस्वितेचे सापेक्ष प्रमाण संगणकाने काढण्याची रीत प्रसिद्ध केली. आज पुष्कळ मोबाइल फोन अनेक चित्रे जोडण्याचे काम आपोआप करतात.

तथापि शिकणाऱ्याने हा प्रयोग एकदा स्वतः करून पाहावा. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. भिंगाचे छिद्र बदलू नये. ते बदलल्यास चित्रातील स्पष्टतेची खोली बदलते. केवळ झडपेचा वेळ बदलून 1/500, 1/125 आणि 1/30 सेकंद अशी तीन चित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राच्या सुमारे चौपट प्रकाश येतो. पहिल्यात अंगण सापडेल, तिसऱ्यात आजीचा चेहरा. संगणक प्रत्येक चित्रातील सुस्पष्ट भागास अधिक महत्त्व देऊन तिन्ही एकत्र करतो व तो विस्तृत प्रकाशपल्ला कागदास झेपेल इतका आक्रसून देतो. मधल्या काळात आजीने मान वळविली, तर मात्र चित्रात एका चेहऱ्याचे दोन चेहरे व्हावयाचे!

येथे एक मोह सावधपणे टाळला पाहिजे. सावली फार उजळली की दुपारचे दुपारपण नाहीसे होते. कडांभोवती फिकट वलये उमटतात. चेहरा मातकट दिसू लागतो. हे दोष स्वतःच्या चित्रात ओळखणे कठीण असते. छायाचित्रकाराने मूळ दृश्य पाहिलेले असल्यामुळे, कागदावर जे नाही ते त्याची स्मृती भरून काढते. परक्या माणसापुढे केवळ कागद असतो. म्हणूनच दुसऱ्याचा अभिप्राय हे या विद्येचे एक आवश्यक उपकरणच आहे.

परंतु “चित्र कसे वाटले?” असे विचारल्यास “छान” एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे : तुमची नजर प्रथम कोठे गेली? ही वेळ दिवसातील कोणती असावी? कोणती गोष्ट दिसावीशी वाटली आणि दिसली नाही? उत्तरे वहीत उद्भासनाच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावीत आणि पुढच्या खेपेस एकच गोष्ट बदलावी. म्हणजे सुधारणा कशाने झाली हे निश्चित कळते. प्रत्येक मत मानलेच पाहिजे असे नाही; मात्र तिघांनी एकाच जागी बोट ठेवले, तर तेथे पुन्हा पाहणे इष्ट.

शेवटी ते चित्र आजीलाही दाखवावे. तिने कॅमेऱ्याविषयी काही न विचारता “किती ऊन होते गं त्या दिवशी!” असे म्हटले आणि सुपातील तांदूळही तिला ओळखता आले, तर ऊन आणि सावली या दोहोंना न्याय मिळाला असे समजावे.