पुन्नाग, उंडी आणि डोलकाठी

जुन्या कागदांत झाडाचें नांव आलें म्हणजे संपादक कोश पाहून टीप देतात व पुढें जातात. पुन्नागाच्या बाबतींत असें करणें धोक्याचें आहे, असें आमचें मत झालें आहे. कोशांत ‘पुन्नाग म्हणजे उंडी’ एवढेंच मिळतें. आणि जहाजांच्या कागदास ही टीप जोडली कीं घोटाळा होतो.

अमरकोशांत पुन्नागास पुरुष, तुंग, केसर व देववल्लभ असे पर्याय आहेत. पैकीं केसर हें नांव अमरसिंहानें बकुळीसही दिलें आहे व नागकेसरासही. म्हणजे एका शब्दाखालीं तीन झाडें. बाजारानें त्यांत आणखी भर घातली आहे. सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या ‘तांबडा नागकेसर’ म्हणून विकतात, आणि सुरंगीस सुरपुन्नागही म्हणतात. वैद्यकाच्या पोथींत ‘केसर’ दिसतांच एकच झाड ठरवून टाकणें म्हणूनच बरें नव्हे.

आतां उंडी पाहा. कोंकणच्या किनाऱ्यावर हें झाड परिचयाचें आहे. पान जाड व तकतकीत. त्याच्या समांतर शिरा इतक्या दाट कीं एकदां पाहिलेलें पान पुन्हां चुकत नाहीं. बियांचें हिरवट काळसर तेल दिव्यास जाळीत. खोड मात्र बहुधा आंखूड, वांकडें, समुद्राकडे कललेलें. होडीच्या आंतल्या वांकड्या फासळ्यांना असें लांकूड उत्तम. पण त्याची डोलकाठी कशी निघावी?

डोलकाठीचा सोट लांब, सरळ व बिनगांठीचा हवा. वाऱ्याचा जोर आला कीं त्यानें लवावें आणि जोर सरतांच पुन्हां ताठ व्हावें. सागाची कीर्ति तख्त्यांसाठीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागाचीं जहाजें बांधलीं, त्यांतलें १८१७ चें ट्रिंकोमाली इंग्लंडांत अद्यापि जपलेलें आहे. युरोपांत डोलकाठ्या उत्तरेकडील देवदारासारख्या झाडांच्या करीत. आपल्या समुद्रांत त्यांच्या जागीं जे सोट चालत, ते इंग्रजी लेखांत ‘पून’ ह्या नांवानें येतात. हें पून म्हणजे उंडीचीच बहीण. परंतु ती किनाऱ्यावर नव्हे, कानडा, कुर्ग व मलबार ह्या बाजूच्या घाटांतील सदाहरित रानांत शंभर फुटांवर उंच चढते. वनस्पतिशास्त्रज्ञ दोघींस कॅलोफायलम ह्या एकाच गणांत घालतात. ‘तुंग’ हा पर्याय हिलाच शोभतो.

उंडीस तमिळांत पुन्नै व मल्याळींत पुन्ना म्हणतात. व्हान ऱ्हीडच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ ह्या बारा खंडांच्या ग्रंथांतही (१६७८–१६९३) ती पोन्ना ह्या नांवानेंच आहे. (ह्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडांत रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या कोंकणी वैद्यांचें देवनागरी पत्र छापलें आहे, संग्राहकांनीं तें अवश्य पाहावें.) मूळ द्रविड शब्दाची ‘पुं’ अशी फोड करून पंडितांनीं त्यास संस्कृत वेष दिला असावा, व ‘पुरुष’ हा पर्याय त्या फोडीतूनच निघाला असावा, असें आम्हांस वाटतें. आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस हें प्रथम रुचलें नाहीं, हें कबूल करतों.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) आरमाराच्या प्रकरणीं डोलाच्या काठ्यांचा उल्लेख आहे. तेथें सागाचें नांव येतें, पुन्नागाचें वा उंडीचें येत नाहीं. आणि स्वराज्यांत मिळेल त्याहून अधिक लांकूड परमुलखांतून विकत आणावें असें सांगितलें आहे. त्या खरेदींत दक्षिणेकडील पुनाचे सोट असणें आम्हांस संभवनीय दिसतें. आज्ञापत्रावरून तें सिद्ध होत नाहीं. त्यास बंदरांचे हिशेबच पाहिजेत.

मोडींत उकाराचा ऱ्हस्वदीर्घ पाळीत नसत. म्हणून ‘पुन’ व ‘पून’ तेथें एकच. हा शब्द सोट, काठी, हात, नग ह्यांच्या शेजारीं आला तर त्यास ‘पुनः’ समजून सोडून देऊं नये, व टीपेंत उंडीही लिहूं नये. ज्यांच्या संग्रहीं मालवण, विजयदुर्ग वा कारवार येथील जकातीचे कागद असतील त्यांनीं ह्या दृष्टीनें ते एकवार चाळावेत, व लांबीच्या आंकड्यांसह उतारे मंडळाकडे पाठवावेत.